विजेचे बिल आणि स्वयंचलित घर : तंजावूरचे उदाहरण

घरातील कामे आपोआप होऊ लागली म्हणजे घराचा खर्चही आपोआप कमी होतो, असा एक समज अलीकडे रूढ झाला आहे. माणूस खोलीत येताच लागणारा आणि तो बाहेर जाताच विझणारा दिवा, ठरलेल्या वेळी बंद पडणारे वातानुकूलन यंत्र, गावाहून फोनवर चालू-बंद करता येणारा पंखा, अशी साधने आता मध्यम आकाराच्या शहरांतही सहज विकत मिळतात. या सर्व साधनांच्या योजनेला स्वयंचलित गृहव्यवस्था असे नाव देता येईल. या व्यवस्थेने विजेचा खर्च खरोखरच घटतो काय, घटत असेल तर किती आणि कोणत्या घरात, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

या प्रश्नाचे सर्व घरांना लागू पडणारे एकच उत्तर नाही. घराची रचना, तेथील हवामान आणि त्या प्रदेशातील वीजदर या तिन्हींचा एकत्र विचार केल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. म्हणून येथे एकच शहर उदाहरणादाखल घेतले आहे, ते तंजावूर. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात एकोजी ऊर्फ व्यंकोजीराजांनी स्थापिलेले आणि १८५५ पर्यंत टिकलेले मराठी राज्य, तसेच सरफोजीराजांनी समृद्ध केलेले सरस्वती महाल ग्रंथालय, यांमुळे हे नगर मराठी वाचकास परके नाही. परंतु त्याची निवड होण्याचे कारण निराळे आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हे शहर वर्षाचा बराच काळ उष्ण व दमट असते. मे महिन्यातील ज्या दिवसांना तेथे ‘अग्नि नक्षत्रम्’ म्हणतात, त्या दिवसांत पंख्यावाचून रात्र काढणे कठीण होते. शिवाय तमिळनाडूतील घरगुती वीजदरांची रचना अशी आहे, की तिच्यामुळे काटकसरीचे शास्त्र फार स्पष्टपणे समजावून देता येते.

प्रथम स्वयंचलन म्हणजे काय ते पाहू. ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. तापमान ठराविक मर्यादेपर्यंत गेले की विद्युत्‌मंडल आपोआप जोडणारा वा तोडणारा तापनियंत्रक हे तिचे आद्य रूप होय. अमेरिकेतील वॉरन जॉन्सन यांनी खोलीत बसवावयाच्या विद्युत् तापनियंत्रकाचे एकस्व १८८३ साली मिळविले. प्रत्येक घरातील शीतकपाट, इस्त्री आणि पाणी तापविण्याचा बंब आजही याच तत्त्वावर चालतात. १९६६ साली वेस्टिंगहाउस कंपनीतील अभियंते जिम सदरलँड यांनी आपल्या घरासाठी ‘एको चार’ नावाचा एक अवाढव्य संगणक तयार केला. घरातील तापमान सांभाळणे आणि उपकरणे चालू-बंद करणे ही त्याची कामे होती. त्यानंतर १९७५ च्या सुमारास स्कॉटलंडमधील एका कंपनीने घरातील विजेच्या तारांमधूनच उपकरणांना संदेश पाठविण्याची ‘एक्स-टेन’ ही पद्धती निर्माण केली. आजची बिनतारी साधने ही याच परंपरेतील पुढची पायरी आहे. थोडक्यात, स्वयंचलन म्हणजे माणसाने एकदा घेतलेला निर्णय यंत्राने न विसरता पुनःपुन्हा अमलात आणणे. यंत्र वीज निर्माण करीत नाही. ते केवळ माणसाचे विस्मरण भरून काढते. म्हणून ज्या घरात विस्मरणापायी फारशी वीज वाया जातच नाही, त्या घराला यंत्र काही वाचवून देऊ शकत नाही.

आता वीजदरांकडे वळू. विजेचा वापर युनिटांत मोजतात. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. तमिळनाडूत घरगुती बिलाचा हिशेब दोन महिन्यांचा मिळून करण्याची रीत आहे. मीटर वाचणारा कर्मचारी घरी येऊन आकडा पाहतो आणि पूर्वापार वापरातील पांढऱ्या मीटरकार्डावर तो टिपून ठेवतो. २०१६ पासून प्रत्येक घरगुती ग्राहकास या दोन महिन्यांतील पहिली १०० युनिटे विनामूल्य मिळू लागली. सप्टेंबर २०२२ मध्ये जे दरपत्रक अमलात आले, त्यात ५०० युनिटांपर्यंत वापर करणाऱ्या घराला १०१ ते २०० या टप्प्यातील प्रत्येक युनिटास २ रुपये २५ पैसे, २०१ ते ४०० या टप्प्यास ४ रुपये ५० पैसे आणि ४०१ ते ५०० या टप्प्यास ६ रुपये पडत. परंतु वापर ५०० च्या पुढे गेला की २ रुपये २५ पैशांची सवलत पूर्णपणे नाहीशी होई. मग १०१ पासून ४०० पर्यंतच्या सर्व युनिटांना ४ रुपये ५० पैसे, पुढील शंभरास ६ रुपये आणि ५०१ ते ६०० या टप्प्यास ८ रुपये असा दर लागे. त्याहून अधिक वापरास दर आणखी चढत जात. जुलै २०२४ मध्ये दर पुन्हा वाढले, पण पायऱ्यांची ही घडण तशीच राहिली. दरपत्रके वेळोवेळी बदलतात. हिशेबाची पद्धत मात्र बदलत नाही. म्हणून पुढील सर्व आकडे २०२२ च्या दरांनी मांडले आहेत.

या रचनेचा परिणाम काय होतो ते श्रोत्यांनी नीट ध्यानात घ्यावे. दोन महिन्यांत ५०० युनिटे वापरणाऱ्या घराचे बिल १७२५ रुपये होई. त्याच घराने ५०१ वे युनिट वापरले की बिल १९५८ रुपयांवर जाई. म्हणजे त्या एका युनिटाची किंमत २३३ रुपये! पंखा एक रात्र अधिक चालला, किंवा टाकी भरून वाहत असता पंप चालूच राहिला, तर एवढ्याने हा उंबरठा ओलांडला जातो. आणि ओलांडला गेला हे घरातील कोणास कळतही नाही.

याच कारणाने एकाच बचतीचे मोल निरनिराळ्या घरांत निरनिराळे असते. समजा, दोन घरांनी काही युक्तीने प्रत्येकी २० युनिटे वाचविली. पहिले घर वृद्ध दांपत्याचे असून त्याचा वापर १८० युनिटांवरून १६० वर आला. त्याची बचत ४५ रुपये, तीही दोन महिन्यांची. दुसऱ्या घराचा वापर ५०५ वरून ४८५ वर आला. त्याचे बिल १९९० रुपयांवरून १६३५ रुपयांवर उतरले, म्हणजे बचत ३५५ रुपयांची झाली. वीज तेवढीच वाचली, पण पैसा जवळजवळ आठपट वाचला. पहिल्या घराने दोन-तीन हजार रुपयांची साधने बसविली तर ती रक्कम भरून येण्यास पुष्कळ वर्षे लागतील. कदाचित त्याआधी साधनेच निकामी होतील. दुसऱ्या घरात तीच रक्कम एक-दीड वर्षात वसूल होऊ शकेल. तेव्हा स्वयंचलित साधने घ्यावीत की नाहीत, या प्रश्नाचे उत्तर दुकानात नव्हे, तर आपल्याच मीटरकार्डावर लिहिलेले असते.

आता मध्यम स्थितीतील एका घराचा नमुना हिशेब मांडू. घरात प्रत्येकी ७५ वॅटचे चार जुने पंखे आहेत आणि ते रोज बारा तास चालतात. ६० दिवसांत त्यांना २१६ युनिटे लागतील. शीतकपाटास रोज एक युनिट धरले तर ६०. दिवे, दूरदर्शन संच, इडली-डोशाचे पीठ वाटण्याचे यंत्र इत्यादींस मिळून ६०. पाऊण किलोवॅटचा पंप रोज अर्धा तास चालतो, त्याचे सुमारे २२. आणि रात्री चार तास चालणाऱ्या वातानुकूलन यंत्राचे, तासाला एक युनिट याप्रमाणे, २४०. एकूण ५९८ युनिटे. वरील दराने बिल २७३४ रुपये.

या घरात सर्वांत मोठे दोन खर्च पंख्यांचा आणि वातानुकूलनाचा. म्हणून प्रथम त्यांचाच विचार केला पाहिजे. येथे अनेक कुटुंबे उलट्या क्रमाने जातात. दिवा स्वतःहून विझताना पाहण्यात कौतुक असते म्हणून ती दिव्यांपासून सुरुवात करतात. परंतु २०१५ साली सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेनंतर एलईडी दिव्यांचा प्रसार झाला आणि नऊ वॅटच्या दिव्यात आता वाचविण्यासारखे फारसे उरलेले नाही. असा एक दिवा रोज दोन तास विनाकारण जळत राहिला तरी दोन महिन्यांत एक युनिटाहून थोडी अधिक वीज जाते.

वातानुकूलनाची गोष्ट निराळी. त्याच्याबरोबर आलेल्या दूरनियंत्रकात वेळ लावण्याची सोय बहुधा आधीच असते. तिच्यासाठी वेगळा पैसा मोजावा लागत नाही. खोली एकदा थंड झाली की पहाटेपूर्वीचा शेवटचा एक तास यंत्र बंद ठेवून पंख्यावर भागते. तशी वेळ लावली तर नमुन्यातील घरात ६० युनिटे वाचतात. दुसरी गोष्ट तापमानाची. यंत्र १८ अंशांवर लावले म्हणजे खोली लवकर थंड होते, हा समज चुकीचा आहे. साध्या यंत्राचा थंड करण्याचा वेग तोच राहतो, फक्त ते अधिक काळ चालत राहते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मते तापमान एका अंशाने वर ठेवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून भारतात नव्या यंत्रांचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवण्याचा नियम झाला तो याच हेतूने. २२ अंशांऐवजी २६ अंश ठेवून जोडीला पंखा मंद चालविला, तर उरलेल्या १८० युनिटांतून सुमारे ४३ आणखी कमी होतात.

पंपाच्या बाबतीत तरंगत्या गोळ्याचे साधे बटण पुरेसे आहे. टाकी भरली की गोळा वर येतो आणि पंप थांबतो. खालच्या टाकीतही असा गोळा बसविला तर पाणी संपल्यावर पंप कोरडा चालत नाही आणि जळण्यापासून वाचतो. विजेची बचत नमुन्यातील घरात सात युनिटांच्या आसपासच होईल. परंतु गच्चीवरून वाहून जाणारे पाणी वाचते, हा लाभ त्याहून मोठा आहे. रिकाम्या खोलीतील पंखे रोज एकेक तास कमी चालले तर १८ युनिटे वाचतात. ही सर्व बचत मिळून १२८ युनिटे होते. घराचा वापर ४७० युनिटांवर येतो आणि बिल १५४५ रुपयांवर. दोन महिन्यांत ११८९ रुपये वाचले, आणि त्यासाठी विकत घ्यावी लागली ती वस्तू म्हणजे तरंगत्या गोळ्याचे बटण. अर्थात, हा हिशेब उन्हाळ्याचा आहे. ईशान्य मोसमी पावसाच्या महिन्यांत, जेव्हा वातानुकूलन बहुधा बंदच असते, तेव्हा याच घराचा वापर उंबरठ्याच्या पुष्कळ खाली असेल आणि त्याच युक्त्यांनी फारच थोडे पैसे वाचतील.

पंख्यांविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण स्वयंचलनाची मर्यादा तिच्यातून स्पष्ट होते. नव्या जातीच्या, ब्रश नसलेल्या मोटरच्या पंख्यास सुमारे ३० वॅट वीज पुरते. जानेवारी २०२३ पासून पंख्यांवर तारांकित मोहोर सक्तीची झाली आहे, त्यामुळे असे पंखे ओळखणे आता सोपे आहे. नमुन्यातील चारही पंखे बदलले तर २१६ युनिटांऐवजी सुमारे ८६ युनिटे लागतील. म्हणजे १३० युनिटांची बचत, तीही कोणाची गैरसोय न करता. त्याउलट जुनेच पंखे ठेवून, माणसाची चाहूल घेणाऱ्या साधनाने रोज दोन तास बंद केले, तर ३६ युनिटे वाचतात. आणि नवे पंखे बसविल्यावर तेच साधन जोडले तर बचत १४ युनिटांवर येते. उपकरण जितके काटकसरी, तितके त्याच्यावरील पहारेकऱ्याचे काम कमी.

शिवाय पहारेकऱ्यालाही वेतन द्यावे लागते. बिनतारी संदेशाची वाट पाहणारे प्रत्येक बटण रात्रंदिवस जागे असते आणि सुमारे अर्धा ते एक वॅट वीज घेत राहते. एका घरात अशी दहा बटणे बसविली आणि प्रत्येकास एक वॅट धरले, तर ६० दिवसांत त्यांना १४ युनिटांहून थोडी अधिक वीज लागते. नव्या पंख्यांच्या बाबतीत जेवढे वाचते तेवढेच पहाऱ्यात खर्च होते. उपकरणे बंद असतानाही घेत असलेल्या या विजेचा प्रश्न आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ साली ऐरणीवर आणला आणि प्रत्येक उपकरणाची अशी भूक एका वॅटवर आणावी, असे सुचविले. त्या सूचनेमागील कारण या साध्या गुणाकारात दिसून येते.

तंजावूरच्या जुन्या घरांकडे पाहिले तर उष्म्याशी सामना करण्याची आणखी एक रीत दृष्टीस पडते. राजवाड्याभोवतीच्या वीथींतील व आसपासच्या गावांतील परंपरागत घरांत रस्त्यालगत ओटा असतो, त्याला तमिळ भाषेत ‘तिण्णै’ म्हणतात. मध्यभागी उघडा चौक असतो, तो ‘मुट्रम’. चौकातून तापलेली हवा वर निघून जाते आणि ओट्याकडून व मागील दारातून नवी हवा आत येते. जाड भिंती दिवसाची उष्णता हळूहळू शोषतात, आणि उताराचे कौलारू छप्पर ओसरीवर सावली धरते. येथे बटण नाही, संदेश नाही. तरीही हवेचा हा प्रवाह आपोआप चालतो. अशी घरे पाडून त्यांच्या जागी सपाट काँक्रीटच्या छपराची घरे उभी राहिली, की दिवसभर तापलेले छप्पर रात्री खोलीत उष्णता सोडू लागते आणि वातानुकूलनाची गरज निर्माण होते. प्रत्येकाने पुन्हा चौकाचे घर बांधावे असे सुचविणे व्यवहार्य नाही. तथापि गच्चीला पांढरा परावर्तक रंग देणे, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून सावली धरणे आणि संध्याकाळी बाहेरची हवा निवताच खिडक्या उघडणे, या गोष्टी आजच्या घरातही करता येतात. त्यांनी यंत्राचे कामच कमी होते.

विश्वासार्हतेचाही विचार आवश्यक आहे. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गाजा’ चक्रीवादळाने कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाला तडाखा दिला. विजेचे हजारो खांब कोसळले आणि तंजावूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. अशा प्रसंगी कोणतेच यंत्र चालत नाही हे उघड आहे. परंतु वीज परत आल्यानंतरही दूरसंचाराचे जाळे बंद असू शकते. जे साधन केवळ त्या जाळ्यावर अवलंबून असते, ते तेव्हा घरातील वृद्ध माणसाला पंखासुद्धा लावू देत नाही. म्हणून प्रत्येक स्वयंचलित साधनास हाताने चालविता येण्याजोगे बटण असलेच पाहिजे. तसेच उकाड्याच्या रात्री घरातील आजारी व्यक्तीचा किंवा तान्ह्या मुलाचा पंखा काटकसरीसाठी यंत्राच्या हवाली करू नये. बचत ही सुखसोयीसाठी असते. जिवाला त्रास देऊन केलेली बचत ही बचत नव्हे.

शेवटी एका वर्गाचा उल्लेख केल्याविना हा विषय पुरा होणार नाही. तो वर्ग भाडेकऱ्यांचा. एकाच जोडणीवर दोन-तीन बिऱ्हाडे राहत असतील आणि घरमालक उपमीटर लावून सर्वांकडून सरसकट एकाच दराने पैसे घेत असेल, तर भाडेकऱ्यास विनामूल्य १०० युनिटांचा लाभही मिळत नाही आणि खालच्या टप्प्यांचा सवलतीचा दरही मिळत नाही. सर्व बिऱ्हाडांचा वापर एकत्र मोजला जात असल्यामुळे ५०० चा उंबरठा तर हमखास ओलांडला जातो. अशा घरात कितीही चतुर साधने बसविली तरी भाडेकऱ्याच्या हाती थोडेच लागते. प्रत्येक बिऱ्हाडास स्वतंत्र जोडणी मिळणे हा तेथील खरा उपाय होय. जी अडचण व्यवहारातून निर्माण झालेली असते, ती यंत्राने सुटत नाही.

या सर्व विवेचनातून कामाचा एक क्रम निष्पन्न होतो. प्रथम मीटर वाचावयास शिकावे. दर रविवारी सकाळी आकडा एका वहीत टिपून ठेवावा. हे काम घरातील शाळकरी मुलगा किंवा मुलगी आनंदाने करील. आठ आठवड्यांत किती युनिटे होतात आणि आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत, हे त्यातून समजेल. चौथ्या आठवड्याच्या अखेरीस आकडा २५० च्या पुढे गेलेला दिसला, तर सावध होण्यास अद्याप महिनाभराचा अवधी असतो. त्यानंतर सर्वांत अधिक वीज खाणारी उपकरणे ओळखावीत आणि जुनी उपकरणे बदलण्याची वेळ येईल तेव्हा काटकसरी उपकरणे घ्यावीत. मग घरात आधीच असलेल्या सोयी वापराव्यात, म्हणजे यंत्रावर वेळ लावणे, तापमान दोन-चार अंश वर ठेवणे, शीतकपाटाच्या दाराचे सैल झालेले रबर बदलणे. एवढे करूनही जी वीज विस्मरणामुळे वाया जात असेल, तिच्यापुरतीच नवी स्वयंचलित साधने विकत घ्यावीत, आणि घेण्यापूर्वी ती किती युनिटे वाचवितील व स्वतः किती घेतील, याची वजाबाकी कागदावर करून पाहावी.

या क्रमाने चालणाऱ्या कुटुंबास कदाचित असे आढळून येईल, की आपल्याला एकही नवे साधन नको आहे. दुसऱ्या एखाद्या कुटुंबास एखादे साधन अत्यंत उपयुक्त ठरेल. दोन्ही निर्णय योग्यच असतील, कारण ते त्या त्या घराच्या वहीतील आकड्यांवर आधारलेले असतील.